गोसीखुर्दच्या बोटीवर संडास : टाकी किती, कुठं, अन् रिकामी कोण करणार?

वैनगंगाकाठ
रामराम मंडळी. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरवर आमच्या ढिवर मंडळींची एक बोट बांधणं सुरू आहे. फायबरची, ३० फूट लांब, ८ फूट रुंद, तळ जवळपास सपाट, मागं २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. १२ पर्यटक आणि आपली २ माणसं. सकाळी एक फेरी, ऊन उतरल्यावर दुसरी, चार-चार तासांच्या.

अडचण संडासाची आहे. माणसं म्हणतात काठाला लाव, अन् बेशरमाच्या झुडपाआड जातात. बाया मात्र सकाळपासून पाणीच पीत नाहीत. नागपूरच्या एका ग्रुपमधल्या ताईंनी तर तोंडावर सांगितलं, सोय नसेल तर पुन्हा येणार नाही. बोट बांधून देणारा म्हणतो, मागं केबिन करतो, खाली भोक ठेवतो, एवढ्या पाण्यात कोणाले काय समजते. मले हे पटलं नाही. त्याच पाण्यात आम्ही जाळं टाकतो.

इंजिनाच्या पुढं डाव्या अंगाला ३ बाय ४ फूट जागा मोकळी आहे. नेटवर पाहिलं तर पंपवाले, डब्यावाले, कोरडे, करंटवाले असे ढीगभर प्रकार निघाले. यातलं आपल्या कामाचं कोणतं? ज्याले ठाऊक असेल त्यानं सांगजा.

तर्री_झणझणीत
भाऊ, अख्खं नागपूर नाग नदीतून तुमच्या धरणात येऊन राह्यलं. बारा माणसांच्यानं काय बिघडते? भोक पाडा अन् मोकळे व्हा.

वैनगंगाकाठ
नाग नदी कन्हानले मिळते, कन्हान वैनगंगेले, हे आमच्या इकडच्या पोट्ट्यालेही माहीत आहे. वरून येते ते आमच्या हातात नाही, बोट आहे. अन् बाजारात गिऱ्हाईक मासोळी हातात घेऊन पहिले हेच विचारते, कुठची? धरणाची म्हटलं की अर्धे जण खाली ठेवतात. त्यात आमच्याच बोटीचं नाव जोडू का?

कोचीतला_भंडारेकर
मी जहाजबांधणीत आहे, गाव लाखनीकडचं. भोकाचा विषय आधी संपवतो.

समुद्रावर मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या करारानुसार मैला सोडायला अंतराची अट असते. दळून निर्जंतुक केलेला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैल, कच्चा असेल तर १२. बारा सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. गोसीखुर्दमध्ये काठापासून २२ किलोमीटर आत जायला तो काय अरबी समुद्र आहे? शिवाय तो करार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी. आपल्याला लागू होतो तो अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१. त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला आणि त्यात प्रदूषणावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा तर त्याच्याही आधीपासून आहे. नोंदणीसाठी बोट दाखवाल तेव्हा तळातलं भोक लपणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाण्याच्या रेषेखाली पाइप आला की बोट बुडायचा एक नवा रस्ता तयार होतो. हातपंपाच्या संडासात नळी वर उचलून वळवलेली नसेल आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह नसेल, तर सायफन लागतो. कोणी हात न लावता भांडं भरतं, मग केबिन, मग बोट. जगभर घाटाला बांधलेल्या चांगल्या बोटी अशा बसल्या आहेत. तेव्हा तळाला भोक नाही, आत घ्यायचं नाही आणि बाहेर सोडायचंही नाही. इथून पुढे बोला.

रेल्वेवाला_बल्लारशा
मग बायोटॉयलेट लावा ना. डीआरडीओनं काढलेलं आहे, रेल्वेच्या डब्यांत तेच बसवलं. जिवाणू सगळं खाऊन टाकतात, पाणी तेवढं उरतं.

शोषखड्डा
पाणी उरतं, पण ते पिण्यासारखं नसतं, त्यात जंतू असतात. रेल्वेत ते खाली रुळावर पडतं. बोटीत कुठं पडणार? पुन्हा धरणातच. शिवाय त्या जिवाणूंना मैला काही दिवस टाकीत मुरावा लागतो. तेवढी टाकी, तेवढं पाणी, तेवढं वजन घेऊन फिरायचं कशाला? ती गोष्ट चांगली आहे, पण तिची जागा घाटावर.

सरकारी योजनेतलं भांडं आणून बसवायचा विचार कोणी करत असेल तर तोही सोडा. त्या ग्रामीण पॅनचा उतार २५-२८ अंशांचा असतो, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं, इथवर झकास. पण त्याच्या कोंबड्यात, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, पाण्याची सील फक्त २० मिलिमीटरची असते. बोट जराशी डुलली की पाणी सांडून सील तुटते आणि टाकीचा वास थेट केबिनमध्ये येतो.

फायबरमिस्त्री
नागपुरात फायबरचं काम करतो, पेडल बोटी अन् छोट्या इंजिनच्या. वजनाचं बोलतो.

१०० लिटरची टाकी भरली म्हणजे १०० किलो. तुमची जागा डाव्या अंगाला आहे. दीड माणूस कायमचा डावीकडं बसवल्यासारखं होईल, अन् तो माणूस सकाळी हलका, संध्याकाळी जड. केबिन बाजूला असली तरी चालते, टाकी मात्र मधल्या रेषेवर, तळाला धरून घ्या.

अर्धी भरलेली रुंद टाकी तर भरलेलीपेक्षा खराब. बोट कलली की आतलं पाणी त्याच बाजूले धावते अन् आणखी कलवते. परातीत पाणी घेऊन चालून पाहा, समजते. उंच अन् अरुंद टाकी घ्या, किंवा मोठी एक घेण्यापेक्षा लहान दोन.

मास्तरीण_साकोली
इतका वेळ वाचते आहे. टाकी, सायफन, सील सगळं झालं, आत जाणाऱ्या बाईचा विचार कोणी केला का?

सांगते. नऊवारी नाही तर सहावारी तरी असतेच, खाली ओल असली की काठ भिजतो. आत ओढणी-पदर आणि पर्स अडकवायला खुंटी हवी, खांद्याच्या उंचीला. बोट हलते, म्हणून दोन्ही हातांना धरायला दांडी हवी. पन्नाशीच्या पुढच्या बाईला हलत्या बोटीत उकिडवं बसवू नका, खुर्चीसारखं बसायचंच ठेवा. भिंत फक्त छातीपर्यंत आणि वर ताडपत्री असं काही करू नका, इंजिनवाला मागंच उभा असतो. आणि झाकणाचा डबा ठेवा. पॅड टाकायला जागा नसेल तर ते भांड्यातच जाईल, मग तुमचा पंप तुम्हाला लखलाभ.

एक हिशेबाचं. आम्ही लघवीनंतरही पाणी वापरतो. विदेशी बोटीचे आकडे कागद वापरणाऱ्यांचे असतात, ते इथं चालणार नाहीत.

कोचीतला_भंडारेकर
ताई, हा मुद्दा मांडलात म्हणून बरं झालं. आता सगळी रचनाच यावर ठरते.

बाहेर लहान बोटींत सध्या विलगीकरणाचा संडास बराच चालतो. भांडं दोन भागांचं असतं, लघवी पुढच्या भागातून वेगळ्या कॅनमध्ये जाते, मैला मागं कोरड्या डब्यात पडतो आणि वरून भुसा टाकतात. यामागं साधं रसायन आहे. लघवीतल्या युरियाला मैल्यातले जिवाणू भेटले की अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरवणारा जो वास, तो मुख्यतः या मिसळण्याचा. वेगळं ठेवलं की निम्मी लढाई जिंकली. पंप नाही, बॅटरी नाही, तळाला भोक नाही.

पण आपण पाण्यानं धुणारे. धुतलेलं पाणी मागच्या डब्यात गेलं की कोरडं काही राहत नाही. पुढच्या भागात गेलं तर लघवीत मैल्याचे जंतू मिसळले. दक्षिणेत इकोसॅनची, म्हणजे मैल्याचं खत करणाऱ्या संडासांची, तीन भोकांची भांडी याचसाठी निघाली, धुण्याच्या पाण्याला तिसरं भोक. त्यात जागेवरून सरकून बसावं लागतं. जमिनीवर ठीक आहे, ३ बाय ४ च्या हलत्या खोक्यात नको.

म्हणून माझं मत : मागचा भाग कोरडा ठेवायचा हट्टच सोडा. पुढून लघवी आणि त्यानंतरचं पाणी कॅनमध्ये. मागून मैला, धुण्याचं पाणी आणि भांडं धुवायला अर्धा लिटर, हे सरळ खाली बंद टाकीत. मध्ये सरकता व्हॉल्व्ह, वापरताना उघडायचा, नंतर बंद. फ्लश नाही.

हिशेब करून पाहा. दिवसाला दोन फेऱ्या, १४ माणसं, प्रत्येकाची फेरीत एकदा ३०० मिली लघवी आणि तेवढंच पाणी धरा. २८ गुणिले ०.६ म्हणजे १७ लिटर. २० लिटरचा एक कॅन काठोकाठ येतो, म्हणून दोन ठेवा. चार तासांच्या फेरीत संडासला जाणारे थोडेच. दिवसाला तिघे धरले आणि प्रत्येकी दोन लिटर, तर ६ लिटर. ४० लिटरची टाकी भरपूर झाली. हेच सगळं तीन लिटरच्या फ्लशनं केलं असतं तर २८ वापरांचे ८४ लिटर नुसतं पाणीच वाहावं लागलं असतं, त्याच्या टाकीसकट.

धानवाला_अर्जुनी
राईस मिलची राखड पाहिजे तेवढी मिळते आमच्याकडं, गोंदिया-भंडाऱ्यात कमी नाही. ती टाका ना मागच्या डब्यात, वास मरते.

शोषखड्डा
तुसाची राख मुख्यतः सिलिका असते. ओल शोषते, वासही धरते, पण जंतू मारायला क्षार लागतो आणि तो चुलीतल्या लाकडाच्या राखेत जास्त असतो, नाहीतर चुन्यात. इथं टाकी ओलीच राहणार, त्यामुळं बोटीवर राख नकोच. गाळ होऊन पंपात बसेल. घाटावर वापरा.

धानवाला_अर्जुनी
बरं. अन् ते १७ लिटर? युरियाच आहे तो. फेकू नका, मी नेतो.

शोषखड्डा
नेऊ शकता, पण लगेच नाही. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या नत्रापैकी बहुतेक लघवीतूनच जातं, हे खरं. म्हणूनच ती धरणात गेली की जलपर्णी माजते. पण बोटीवर दहा घरचे लोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणं अशी मिसळलेली लघवी २० अंशांवर सहा महिने बंद झाकणात ठेवली तर कुठल्याही पिकाला चालते. आपल्याकडं थंडीचे दिवस सोडले तर २० अंशांची काळजी नाही. पाणी मिसळून, पानावर न मारता, मुळाशी मातीआड द्यायची. झाकण उघडं ठेवलं तर अमोनिया उडून जातो, तुमच्या हाती खारट पाणी राहतं.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचं वाचलं. काल बैठकीत हे सगळं मांडलं. वजन, टाकी, कॅन, समद्यांले पटलं. मग आमच्यातला एक म्हातारा बोलला, सगळं बेस आहे, पण घाटावर आल्यावर तो डबा उचलणार कोण?

बैठक तिथंच थांबली. पोट्टे म्हणाले आम्ही ढिवर आहो, मासे धरतो, हे काम आमचं नाही. एक जण म्हणाला गावात अमुक वस्तीतला माणूस लावू, महिन्याचे पैसे देऊ. त्यावर दोघं-तिघं उठूनच गेले, कारण त्यातल्या एकाचा मामाच त्या वस्तीत आहे. मलेही ते ऐकून बरं नाही वाटलं. आता काय सांगू त्यायले?

शोषखड्डा
हे त्या म्हाताऱ्या बाबांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, आणि आपणही टाकीच्या आधी याचंच बोलायला हवं होतं.

माणूस लावून हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पैसे देऊनही. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या बोटीचा डबा एका ठरावीक वस्तीनंच उचलायचा, ती बोट न बांधलेली बरी. तेव्हा अट अशी ठेवा : टाकी बोटीतून बाहेर निघणारच नाही. उचलायचा डबाच नसला की उचलणारा शोधावा लागत नाही.

टाकी पक्की बसवा. वर डेकवर दोन इंचाचं तोंड, त्याला कॅमलॉक कपलिंग, शेतातल्या पाइपाला असतं तसलंच. आतली नळी टाकीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यापर्यंत गेलेली. घाटावर हातानं चालवायचा डायफ्रामचा पंप आणि त्यापुढं पाइप, थेट काठावरच्या टाकीत. काम करणारा हातमोजे घालतो, पाइप जोडतो, दांडा हलवतो. मैला दिसतही नाही. मग शेवटी दहा लिटर पाणी टाकीत ओतून पुन्हा ओढायचं, म्हणजे नळी धुतली जाते. जो त्या दिवशी इंजिन चालवतो त्यानंच हे करायचं, पाळीनं. इंजिनात इंधन भरण्यासारखंच काम आहे हे.

काठावर दोन शोषखड्डे खोदू असं कोणी म्हणेल. आधी माती पाहा. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, असेल तर खड्डा मुरणारच नाही, पावसाळ्यात फुगून बंद होईल. धरणाची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. पाणी तिथवर आलं की काठाची भूजल पातळीही वर येते, आणि मग तुमच्या खड्ड्यातून पाणी धरणात जातं. फेरा मारून तिथंच पोचलो. म्हणून पूररेषेच्या वर बंद टाकी, हजार लिटरची, आणि भरली की मैला उपसणारी गाडी. गाडी बोलावण्याआधी तिच्या मालकाला एवढंच विचारा, तू रिकामी कुठं करतोस? तो नाल्याकडं बोट दाखवत असेल तर दुसरी गाडी शोधा.

तर्री_झणझणीत
हे मात्र मानलं राजेहो. मी आपला भोकावरच अडून होतो.

रेल्वेवाला_बल्लारशा
निळं औषध मिळतं ते टाकायचं का टाकीत?

कोचीतला_भंडारेकर
फॉर्मल्डिहाइडवालं नको. पुढं तो मैला जिथं जाईल तिथले जिवाणूही मरतात. बोटीवरच्या वासाला औषधापेक्षा हवा जास्त उपयोगी. टाकीला दोन टोकांना दोन श्वासनळ्या द्या, किमान एक इंचाच्या, छपराच्या वर नेऊन सोडा आणि तोंडाला मच्छरदाणीची जाळी. एका नळीनं हवा आत-बाहेर खेळत नाही, दोन असल्या की खेळते. हवा मिळाली की सडणं वेगळ्या वाटेनं होतं आणि सडक्या अंड्याचा वास कमी येतो. आपल्या मे महिन्यात तर श्वासनळी नसलेली टाकी उन्हानं फुगेल, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्याच्या तोंडावर येईल. उन्हाळ्यात टाकी रोज रिकामी करा, भरो न भरो.

लघवीच्या कॅनला एक जुगाड आहे, मला फार आवडतो. नरसाळ्यात टेबल टेनिसचा चेंडू टाकायचा. लघवी आली की तो तरंगतो, थांबली की भोकावर बसतो. वास खालीच राहतो. नळी मात्र एक इंचाची, सरळ उताराची घ्या. लघवीतून पांढरा खडा धरतो आणि बारीक, वळणावळणाची नळी त्यानं बंद पडते. आठवड्याला कपभर व्हिनेगर ओतलं की तो विरघळतो. कॅन पूर्ण भरू देऊ नका, २० किलो ओल्या घाटावर उचलायचं म्हणजे पाय घसरायचं निमित्त.

फायबरमिस्त्री
टाकी कशाची करता? स्टीलची सांगत असतील तर नका करू. लघवीनं वेल्डिंगच्या जागी आधी बारीक छिद्रं पडतात. अॅल्युमिनियम तर नावच नको. जाड एचडीपीई प्लास्टिकची घ्या. फायबरमध्येच बोटीच्या अंगाची टाकी काढून देतो म्हणणारेही भेटतील. ती झिरपली की वास बोटीच्या अंगात मुरते, मग बोट विकतानाही जात नाही. नळीचंही तसंच, लवचिक नळीतून वास पाझरतो. जिथं जमेल तिथं कडक पीव्हीसी पाइप.

मास्तरीण_साकोली
आणि दार? कोणी दाराचं बोललं नाही.

वैनगंगाकाठ
दार आतल्या बाजूले उघडणार, ताई. बाहेर जागा कमी पडते, सीटले लागते.

मास्तरीण_साकोली
नको. आत कोणाला चक्कर आली आणि ती बाई दाराला टेकून पडली तर तुम्ही दार ढकलणार कुठं? बाहेर उघडा, नाहीतर सरकतं करा. कडी आतून असू द्या, पण बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी.

फायबरमिस्त्री
सरकतंच करू, जागाही वाचते. रूळ वर घेतो, खाली घेतला तर रेती अन् पाणी साचते.

वैनगंगाकाठ
मग ठरलं असं : केबिन डाव्या अंगाला, टाकी ४० लिटरची एचडीपीई मधल्या रेषेवर, दोन कॅन २०-२० चे, वर दोन इंचाचं तोंड, दोन श्वासनळ्या, सरकतं दार, खुंटी अन् दांड्या. घाटावर पंप अन् बंद टाकी. पंपाची पाळी फळ्यावर लिहायची, माझं नाव पहिलं. म्हाताऱ्या बाबानं दुसरं स्वतःचं लिहायले सांगितलं.

कोचीतला_भंडारेकर
एक अडचण राहते. केबिन डावीकडं आणि टाकी मध्ये असेल तर भांड्यातून मैला सरळ खाली पडणार नाही, तिरपा पाइप लागेल. त्यात साचेल. भांडंच मधल्या रेषेकडं जितकं सरकवता येईल तितकं सरकवा, टाकीचं तोंड बरोबर त्याच्याखाली. केबिनची आतली भिंत फूटभर मध्ये आली तरी चालेल, एक सीट कमी करा.

वैनगंगाकाठ
सीट कमी केली तर ११ होतील. संस्थेत विचारतो, पण मले वाटते ऐकतील.

फायबरमिस्त्री
केबिनचा साचा शनिवारी धरतो. त्याच्या आधी भांड्याचं माप पाठवा. फोटो नको, टेपनं मोजलेलं, मागच्या भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंत.